आपल्याच शाळेत, आपल्याच वॉर्डात संशोधन करायचंय? एम.एड., एम.एस्सी. नर्सिंग आणि पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नोकरी सांभाळत एम.एड. केलं, नंतर शिक्षणशास्त्रात पीएच.डी. केली. धाकटी बहीण ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, तिचं एम.एस्सी. नर्सिंगही त्याच सुमारास चाललं होतं. एकाच घरात दोन प्रबंध सुरू असल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. शाळा आणि दवाखाना ही क्षेत्रं वेगळी असली तरी नवा संशोधक अडतो त्या जागा जवळपास सारख्याच असतात. परवानगी, संमती, मोजमाप आणि वेळापत्रक या चार ठिकाणी वर्षं वाया जातात, आणि यातलं बरंच आधी कळलं तर टळू शकतं.

हा लेख रोज काम करून शिकणाऱ्यांसाठी आहे: शिक्षक, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) विषय सहायक. आपल्या रोजच्या कामात एक बदल करायचा आणि त्याने खरंच फरक पडला का, ते प्रामाणिकपणे तपासायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी. शिक्षणात याला कृतिसंशोधन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने १९४६ मध्ये ही कल्पना मांडली आणि शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरेने १९५३ पर्यंत ती शाळांमध्ये रुजवली. दवाखान्यात तेच काम गुणवत्ता सुधारणा या नावाने चालतं: योजना करा, छोट्या प्रमाणात करून बघा, तपासा, दुरुस्त करा, पुन्हा करा.

१. विषय लहान करा, अजून लहान करा

‘मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थ्यांच्या वाचन समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ अशी शीर्षकं आपल्याकडे ढिगाने सापडतात. आठ जिल्ह्यांचा अभ्यास एकट्या माणसाने, नोकरी करून, दोन वर्षांत होत नाही. झालाच तर प्रश्नावल्या वाटून टक्केवारी काढण्यापलीकडे जात नाही.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या: आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) तिसरीच्या ज्या मुलांना परिच्छेद वाचता येत नाही, त्यांना रोज एक तास इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवलं, तर बारा आठवड्यांत किती मुलं पुढच्या पातळीवर जातात? किंवा दवाखान्यातला घ्या: रक्तदाबाचे जे रुग्ण महिन्याच्या गोळ्या न्यायला परत येत नाहीत, त्यांच्यासाठी बाजारच्या दिवशी वेगळी खिडकी ठेवली तर वेळेवर येणाऱ्यांचं प्रमाण वाढतं का?

प्रश्न सुचला की स्वतःला विचारा: हा बदल माझ्या हातात आहे का? डॉक्टरांची रिक्त पदं भरणं किंवा वर्गखोल्या बांधणं तुमच्या हातात नसतं. मग विचारा, याने कुणाचं नुकसान तर होणार नाही ना? आणि शेवटी, निकाल उलटा आला तरी मला तो लिहिता येईल का? या तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं, तर विषय बदला. आपली आवडती पद्धत चांगलीच आहे हे दाखवून द्यायला निघालेला अभ्यास पहिल्या पानापासून ओळखू येतो.

२. आधी कुणी काय केलंय ते बघा

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या दोन्हींचे प्रबंध आधी चाळा. तुमच्याच तालुक्यात कुणीतरी तुमच्याच विषयावर काम करून ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. डाएटच्या ग्रंथालयातही जा, तिथले कृतिसंशोधनाचे अहवाल इंटरनेटवर सापडतीलच असं नाही. वाचलेलं नोंदवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. शेवटच्या महिन्यात संदर्भसूची हाताने लिहायला बसलात तर रडकुंडीला याल. चॅटजीपीटीने दिलेला संदर्भ मूळ लेख स्वतः उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, त्यात अस्तित्वात नसलेले लेखही बेमालूम येतात.

एक अभ्यास मात्र दोन्ही क्षेत्रांतल्यांनी वाचाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या गावांशी तुलना ठेवली आणि १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं होतं. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्यामागे हे काम आहे. एक गोष्ट नीट वाचा: बदल सुरू करण्याआधी त्यांनी गावातले जन्म-मृत्यू मोजायची व्यवस्था उभी केली होती. चौथी पायरी त्याचीच आहे.

३. मराठवाड्याचं कॅलेंडर समोर ठेवून आराखडा करा

ही पायरी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीड, धाराशिव, जालना, परभणी या पट्ट्यात काम करणार असाल तर ऊसतोडीचा हंगाम हा तुमच्या संशोधनाचा सगळ्यात मोठा घटक आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाच्या गाड्या लागतात, कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावं अर्धी रिकामी असतात. पूर्वचाचणी सप्टेंबरात आणि उत्तरचाचणी जानेवारीत ठेवली, तर जानेवारीत वर्गात असतील ती मुलं वेगळीच असतील. ज्यांच्या घरी कुणी मागे राहू शकतं, जी हंगामी वसतिगृहात राहिली, तीच उरतात. सरासरी वाढलेली दिसते आणि आपल्याला वाटतं पद्धत लागू पडली. खरं तर सगळ्यात जास्त मदतीची गरज असलेली मुलं हिशेबातून निघून गेलेली असतात.

गरोदर मातांच्या अभ्यासातही हेच होतं. तिसऱ्या महिन्यात नोंदवलेली बाई आठव्या महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्या तरी फडावर असते. ‘पाठपुरावा झाला नाही’ असं एका ओळीत लिहून हे सोडू नका. किती जणी गेल्या, कधी गेल्या, त्यांची सुरुवातीची स्थिती राहिलेल्यांपेक्षा वेगळी होती का, याचा तक्ता द्या. स्थलांतर हाच तुमचा विषय नसला तरी तो निकालात डोकावणारच.

शक्य असेल तर बदल आणि दोन्ही मोजमापं जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत बसवा. साधारण सतरा ते वीस आठवडे मिळतात. त्यातून गणपती, महालक्ष्म्या, प्रथम सत्राची परीक्षा आणि निवडणूक किंवा सर्वेक्षणाचं काम वजा करा. बारा आठवड्यांचा उपक्रम बसतो, सोळाचा बसत नाही.

उन्हाळ्याचाही विचार करा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एवढी वेळ दरवर्षी येत नाही, पण टँकरवर चालणारे दवाखाने एप्रिल-मेमध्ये असतातच. हात धुण्याच्या सवयीचा अभ्यास त्या दोन महिन्यांत केलात तर तुम्ही परिचारिकांची सवय नाही, टाकीतलं पाणी मोजत असता.

आरोग्य केंद्रात मार्चअखेरीला जाऊ नका. उद्दिष्टं आणि अहवाल यांत सगळे बुडालेले असतात आणि तुमची प्रश्नावली टेबलाच्या कोपऱ्यात पडून राहते.

४. बदल करण्याआधी मोजायला लागा

उत्साही माणसांचं इथेच चुकतं. कल्पना सुचते, दुसऱ्या दिवसापासून वर्गात किंवा वॉर्डात सुरू होते, आणि मग आठवण येते की आधीची स्थिती नोंदवलीच नाही. ‘आधी फार कमी होतं’ हे वाक्य प्रबंधात चालत नाही.

तयार, तपासलेलं साधन मिळत असेल तर नवं बनवू नका. वाचनासाठी ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक सर्वेक्षणाची चाचणी मराठीत मोफत मिळते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं लागतात आणि तुमच्या निकालाची इतरांच्या निकालाशी तुलनाही करता येते. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणणार असाल तर एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं आणि दोन्ही जुळवून बघावं. त्यानंतर नमुन्याबाहेरच्या दहा-पंधरा जणांवर वापरून बघा. तांड्यावरच्या शाळेत पहिली-दुसरीची मुलं घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. तिथे मराठी सूचना कळली नाही म्हणून चुकलेलं उत्तर ‘वाचता येत नाही’ म्हणून नोंदवलं जातं. सूचना त्यांच्या बोलीत देणारं कुणीतरी सोबत घ्या.

दवाखान्यात उपकरणाकडे लक्ष द्या. आधीचं हिमोग्लोबिन साहली पद्धतीने (नळीतला रंग डोळ्यांनी जुळवून) आणि नंतरचं डिजिटल मीटरवर घेतलं, तर दोन्हींतला फरक आहाराचा की यंत्राचा, हे कुणीच सांगू शकत नाही. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच यंत्र, शक्यतो एकच मोजणारी व्यक्ती. रक्तदाबाच्या पट्ट्याचंही तेच.

काय मोजायचं हेही आधी ठरवा. काम बदललं का, ही एक गोष्ट आणि त्याचा रुग्णाला किंवा मुलाला फायदा झाला का, ही दुसरी. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी वापरून मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या वेळी योग्य त्या गोष्टी करण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं, पण माता-बालमृत्यूंत ठळक फरक पडला नाही. तो अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यांनी दोन्ही गोष्टी मोजल्या आणि दोन्ही जशाच्या तशा मांडल्या. एकच मोजली असती तर अर्धंच सत्य कळलं असतं.

‘कायाकल्प’ या सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छता-तपासणीचे गुण किंवा केंद्रप्रमुखांच्या भेटीचे शेरे हा संशोधनाचा आधार धरू नका. तपासणीच्या दिवशी सगळीकडेच सगळं छान असतं.

५. परवानग्या आणि नीतिसमिती

क्रम लक्षात ठेवा: आधी मार्गदर्शकांची आणि विभागाची मान्यता, मग नीतिसमिती (सहभागी होणाऱ्यांचं हित जपलं जातं का ते तपासणारी समिती), मग कार्यालयांच्या परवानग्या, आणि त्यानंतरच पहिला सहभागी.

‘मी माझ्याच वर्गात शिकवणार, मला कशाला समिती?’ हा प्रश्न हमखास येतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिकवण्याच्या पद्धतींची तुलना आणि संस्थेतल्या अंतर्गत गुणवत्ता तपासण्या यांना पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, असं म्हटलं आहे. अट अशी की धोका नगण्य हवा आणि माहितीवरून व्यक्ती ओळखता येता कामा नये. पण सूट आहे की नाही हे समिती ठरवते, तुम्ही नाही. प्रस्ताव द्या, सूट मिळाली तर तसं पत्र घ्या. ते पत्र नसेल तर पुढे शोधनिबंध छापताना अडतं.

महाविद्यालयात समिती नसेल तर मार्गदर्शकांमार्फत जवळच्या मोठ्या संस्थेला विनंती करता येते. वैद्यकीय महाविद्यालयं संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथे पूर्वीपासून आहेत. समितीची शासनाकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्या.

रुग्णांवर काही नवं करून बघणार असाल, अगदी व्यायाम किंवा समुपदेशन असलं तरी, सीटीआरआय या चिकित्सा-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. ती मोफत आहे. एप्रिल २०१८ पासून ती पहिला सहभागी घेण्यापूर्वीच करावी लागते, नंतर होत नाही.

परवानगी कुणाची? जिल्हा परिषद शाळेसाठी मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक). खासगी अनुदानित शाळेत संस्था आणि मुख्याध्यापक. तांड्यावरची आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे असते, किनवट भागातली आदिवासी आश्रमशाळा किनवटच्या प्रकल्प कार्यालयाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयासाठी वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्य चिकित्सक.

अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच परत या. साहेबांनी तोंडी ‘करा, काही हरकत नाही’ म्हटलं तरी कागद घ्या. बदल्या मेमध्ये होतात, नव्या साहेबांना ते बोलणं माहीत नसतं. बहिणीच्या एका मैत्रिणीची माहिती निम्मी गोळा झाली होती, नवे अधिकारी आले आणि काम थांबलं. कागद नसल्याने तिला सगळं पुन्हा सुरू करावं लागलं.

सोबत ठेवायची फाइल:
- मान्य झालेला संशोधन आराखडा आणि मार्गदर्शकांचं पत्र
- नीतिसमितीचं मान्यता किंवा सूट पत्र
- प्रत्येक कार्यालयाची परवानगी आणि अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत आणि गरजेप्रमाणे उर्दूत
- साधन दुसऱ्याचं असल्यास मूळ लेखकाची वापराची परवानगी (ईमेलची छापील प्रत चालते)
- तज्ज्ञांनी साधन तपासल्याचे अभिप्राय

६. संमती म्हणजे अंगठा नव्हे

संमतीपत्रं घेऊन मी पालकांकडे गेलो, तेव्हा शाळेच्या फाटकाशी एक आई कडेवरचं लेकरू सावरत म्हणाली, “गुरुजी, तुम्ही म्हणाल तिथं अंगठा देते, वाचून काय करायचं?” तिचा विश्वास खरा होता. पण गुरुजींना नाही म्हणता येत नसेल तर ती संमती कसली? डॉक्टर आणि सिस्टर यांच्यापुढे रुग्णाचं तर याहून अवघड असतं. उद्या इंजेक्शन त्यांच्याच हातून घ्यायचं असतं.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांच्या किंवा रुग्णांच्या संमतीला आपण जाऊ नये. दुसऱ्या शाळेतले शिक्षक किंवा उपचारात नसलेलं कुणीतरी ते काम करू दे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, त्याच्यासमोर माहितीपत्रक वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा. ‘नाही म्हटलं तरी पोषण आहार, गोळ्या, उपचार काहीही थांबणार नाही’ हे वाक्य मोठ्याने, दोनदा म्हणायला सांगा. सात वर्षांवरच्या मुलांना त्यांच्या भाषेत विचारून त्यांचाही होकार घ्यायचा असतो, पालकांचा पुरेसा नाही. काही मुलं नको म्हणतील, त्यांना शिकवायचं तसंच शिकवा, फक्त त्यांची माहिती अभ्यासात घेऊ नका.

७. माहिती गोळा करताना

कोबो टूलबॉक्स हे प्रश्नावली भरायचं ॲप मोबाइलवर नेटशिवाय चालतं, रेंज मिळाल्यावर माहिती पाठवतं. बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यांवर याचा मोठा उपयोग होतो. नावाऐवजी क्रमांक वापरा, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत, कुलुपात ठेवा. मुलांचे किंवा रुग्णांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, उपक्रम कितीही छान झाला असला तरी.

एक साधी रोजनिशीही ठेवा: आज तास झाला का, किती मुलं होती, काय अडलं. शिक्षक रजेवर होते, औषध संपलं होतं, पावसाने ओढा भरला होता. निकालात खड्डा दिसतो तेव्हा त्याचं कारण या वहीत सापडतं.

८. आकडे बघताना

टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावण्याआधी कागदावर आलेख काढा. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर तुमचं मोजमाप, मध्ये मध्यकाची (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) रेषा. बदलानंतर सलग सहा किंवा जास्त बिंदू रेषेच्या एकाच बाजूला गेले तर काहीतरी खरंच बदललंय असं समजायला जागा आहे. याला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि हा आलेख वॉर्डातल्या सगळ्यांना वाचता येतो. पुढच्या चाचण्यांसाठी जमोवी हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

दोन सापळे. सगळ्यात कमी गुणांची मुलं निवडून त्यांचीच पुन्हा चाचणी घेतली तर काही न करताही सरासरी थोडी वर येते, कारण पहिल्या दिवशी काही मुलं नुसतीच आजारी किंवा घाबरलेली होती. दुसरं, कुणी बघतंय म्हटलं की माणसं नीट काम करतात. यावर तुलनेचा गट हा चांगला उपाय. केंद्रातली दुसरी शाळा घ्या आणि अभ्यास संपल्यावर तिथेही तीच पद्धत नेऊन द्या. त्यांना नुसतं मोजून सोडणं योग्य नाही.

वीस-बावीस मुलांवरून ‘मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना’ असा निष्कर्ष काढू नका. ‘या शाळेत, या मुलांना, या परिस्थितीत’ असं लिहा.

९. टायपिंग, तपासणी, मौखिक

प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाले अजूनही जुन्या फॉन्टमध्ये करून देतात. ते कागदावर सुंदर दिसतं, पण शोधलं जात नाही, वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही आणि रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात. मोबाइलवर मराठी टाइप करता येत असेल तर संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला फार दिवस लागत नाहीत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० ला वर्षभर प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संबंधित साहित्याचं प्रकरण दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललं की इथे सापडतं.

‘पैसे भरा, आठवड्यात शोधनिबंध छापून देतो’ असे निरोप येतील, त्यांच्या नादी लागू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती नाही, तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा वाचून घ्या.

मौखिकात हमखास विचारतात: नमुना असा का निवडला, मुलं गळाली त्यांचं काय केलं, आणि पुन्हा करायला मिळालं तर काय बदलाल. तुमची रोजनिशी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते.

१०. निकाल परत न्या

एका पानाचा मराठी सारांश करा: काय केलं, काय झालं, काय झालं नाही. तो संमती दिलेल्या पालकांना सभेत वाचून दाखवा, केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागून घ्या, आरोग्य केंद्रात आशा ताईंच्या मासिक बैठकीत मांडा. एक प्रत गटशिक्षणाधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या, एक डाएटच्या ग्रंथालयाला. एससीईआरटीच्या (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) नवोपक्रम स्पर्धेची सूचना आली की तिथेही पाठवा. साधनं, प्रश्नावल्या, संमतीपत्राचा मराठी मसुदा हे सगळं पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्यांना देऊन टाका, म्हणजे त्यांचे दोन-तीन महिने वाचतील.